खटक्यावरचा टावेल

संध्याकाळी चंद्रभान शेडातून घरी आले की मी मोरीपाशी तांब्या घेऊन उभी राहायचे. दुसऱ्या बायका नवऱ्याचे हात स्वच्छ व्हावेत म्हणून पाणी घालतात. मी बोटं बघायला मिळावीत म्हणून घालायचे.

"रोज काय बघती गं, शिवकन्या?" ते विचारायचे.

"सगळी घरला आली का ते बघायले."

"बोटं काय शेळ्या हायत का?"

"शेळ्या बऱ्या. एखादी मागं राहिली तर हुडकून तरी आणता येती."

मग ओले हात ते माझ्याच पदराला पुसायचे आणि आतून आत्याबाई खाकरायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बायनाबाई. 'मी अजून घरात हाय', एवढाच त्या खाकरण्याचा अर्थ.

सुताराच्या घरात बोटांचं भय असतंच. मिठाच्या बरणीसारखं ते एका जागी पडून असतं, त्याच्याविषयी कुणी बोलत नाही.

आमचं शेड पूर्णेत, रुळाच्या पलीकडं. शेड एक, मशीन एक आणि सुतार पाच-सहा. एकट्यानं मशीन घ्यावं अशी कुणाची ऐपत नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून घेतलेलं. एका बाजूला फळी चिरायची गोल पाती, दुसऱ्या बाजूला रंदा, खाली मोटर आणि मोटरीवरून फिरणारा पट्टा. खटका मात्र लांब, पलीकडच्या भिंतीवर. वायरमनला तिथंच सोपं पडलं होतं. म्हणजे खटक्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला मशीनच्या खाली कोण आहे ते दिसायचं नाही, आणि खाली असलेल्याला खटक्यापाशी कोण आलं ते कळायचं नाही. मी तिथंच एका कोपऱ्यात पलंगाचे पाय आणि देव्हारे घासून पॉलिश करायचे. बाईनं मशीनवर यायचं नाही असा काही नियम नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

शेडातले सगळ्यात जुने सुतार सितारामकाका. एकदा ते खाली बसून भुसा काढत होते. कुणीतरी फळी घेऊन आला, त्याला मशीन बंद दिसलं, त्यानं चालू केलं. काकांची डाव्या हाताची दोन बोटं गेली. दाबणारा महिनाभर जेवला नाही म्हणतात, पण त्यानं बोटं काही परत आली नाहीत.

काकांनी भाषण केलं नाही. जखम भरल्यावर ते शेडात आले, खांद्यावरचा टावेल काढून खटक्याच्या दांडीवर टाकला आणि मशीनखाली गेले. भुसा काढला, वर आले, टावेल उचलला, खांद्यावर टाकला. दुसऱ्या दिवसापासून सगळेच तसं करायला लागले. ज्याचा हात मशीनमध्ये, त्याचा टावेल खटक्यावर. आणि टावेल ज्याचा त्यानंच काढायचा.

एकदा काका टावेल तसाच विसरून वालूरला लेकीकडं निघून गेले. मशीनखाली कुणी नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं. तरी एकानंही त्या टावेलाला हात लावला नाही. दिवसभर माणसं पत्ते खेळली. एका लग्नघरी पलंग पायांवाचून पोचला. शेवटी काकांना फोन लावला.

"काढा की रे," काका म्हणाले, "मी हितं वालूरात जेवायलोय."

तरी कुणी उठेना. "फोनवर माणूस कुठं बी असतंय," चंद्रभान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका एस्टीनं आले, टावेल काढला, मग मशीन सुरू झालं. ही गोष्ट सांगून माणसं हसायची. मीही हसायचे. पण आतून मला त्या टावेलाचा भरवसा वाटायचा. देवाचा वाटतो त्याहून जास्त, कारण देवाला रोज धुऊन वाळत घालावं लागत नाही, आणि नवऱ्याचा टावेल मी रोज घालायचे.

मग जुनं मशीन थकलं आणि नवीन आलं.

ते आणलं गोपाळनं. गोपाळ आमच्या शेडाचा कारभार बघायचा. त्याचं मोंढ्याच्या बाजारात फर्निचरचं दुकान. तो विकायचा, बनवायचा नाही, त्याच्या हाताला रंदा कधी लागलेला नव्हता. पण माणूस धावता. इकडं तिकडं खटपट करून त्यानं योजनेतून मशीन मिळवलं, तेही पट्ट्यावर लोखंडी झाकण असलेलं. ते झाकण बघून मी मनातल्या मनात गोपाळचे पाय धरले होते. पुढं जे झालं ते झालं, पण ते पाय धरणं मी मागं घेत नाही.

गोपाळला कार्यक्रमाची हौस. मशीन आलंय तर ते नुसतं सुरू कसं करायचं? त्यानं तीन पाहुणे ठरवले. एक नारळ फोडायला, एक फीत कापायला, एक समई लावायला. तीन टावेल आणि तीन टोप्या आणल्या, कारण आमच्याकडं पाहुण्याला टावेल-टोपी दिल्याशिवाय पाहुणा आल्यासारखा वाटत नाही. हलगीवाला सांगितला. फ्लेक्स छापला. फ्लेक्सवर तीन पाहुणे, गोपाळ, आणि अगदी खाली, मशीनचं लहानसं चित्र.

त्या सकाळी चंद्रभान निघाले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"पाव्हणे यायलेत अन् तू हे भोकाचं टावेल घेऊन निघालास व्हय रे, चंदर?"

"मला थोडीच हार घालायलेत, माय?"

"हार न्हाई घालायले, पण बघतील की."

पेटीतनं त्यांनी नवाकोरा पांढरा टावेल काढला. नवं कापड हळदीकुंकू लावल्याशिवाय अंगाला लावायचं नाही ही त्यांची रीत, तशी ती सगळ्यांच्याच घरची. त्यांनी टावेलाच्या कोपऱ्याला बोट लावलं, घडी घातली आणि लेकाच्या खांद्यावर ठेवली.

"आता जा. राजावाणी दिसायलास."

"राजाच्या खांद्यावर टावेल अस्तोय का?"

"सुतारांच्या राजाच्या अस्तोय."

आम्ही दोघं शेडात पोचलो तर गोपाळनं फ्लेक्स मशीनच्या पुढच्या अंगाला बांधलेला. खालची मोटर, पट्टा, तेलकट पाय, सगळं झाकून टाकलेलं. "उघडं दिसतं हो ते," तो म्हणाला. वर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मशीन ऐन वेळेला बंद पडलं तर इज्जत जाईल म्हणून त्यानं एकदा चालवून बघायला लावलं. चालवलं आणि माळेचा लोंबता दोरा झाकणाच्या फटीतून आत ओढला गेला. फुलं उडाली, मोटर घुमली आणि बसली.

"काढतो मी," चंद्रभान म्हणाले. त्यांनी खटका बंद केला, नवा टावेल घडीसकट त्याच्यावर टाकला आणि पट्ट्यावरचं झाकण उघडायला फ्लेक्सच्या मागं गेले. आतून त्यांचा आवाज आला, "काका, टावेल हाय बरं का."

"बघितला," सितारामकाका म्हणाले.

मीही बघितला. त्याच वेळी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे कधी वेळेवर येत नाहीत, त्या दिवशी आले. गोपाळची तारांबळ उडाली. काका वयानं मोठे, म्हणून त्यांना पुढं स्वागताला नेलं. मला औक्षणाचं ताट दिलं. टावेल खटक्यावर होता, म्हणून मी निर्धास्त फाटकापाशी गेले.

गाडीतून तिघांच्या जागी चौघं उतरले. चौथे दिनकरराव, मुख्य पाहुण्यांचे साडू. सोनपेठहून कुणाच्या तरी साखरपुड्याला आलेले, गाडीत जागा होती म्हणून बसलेले.

"मला सोडा, मी आपला गाडीत होतो," दिनकरराव ओशाळून म्हणाले. मागंच उभे राहत होते बिचारे.

"असं कसं? तुमी बी आमचेच," गोपाळ म्हणाला. आणि टावेल एक कमी.

टोपी मिळाली. काकांचीच होती, दोनदा घातलेली, ती झटकली. टावेल शोधत गोपाळ आत गेला. आमचे खटक्यावरचे टावेल त्यानं येता-जाता बघितलेले, तपकिरी, घामानं कडक झालेले, भोकं पडलेले. हा पांढराशुभ्र, घडी न मोडलेला, कोपऱ्याला हळदीकुंकू. कुणीतरी आहेराचाच जास्तीचा हाताशी ठेवलाय, असं त्याला वाटलं. त्यानं तो उचलला आणि दिनकररावांच्या खांद्यावर घातला.

नारळ फुटला. फीत कापली. समई लागली. चौथ्या पाहुण्याला काही काम उरलं नाही, आणि गोपाळचा जीव कुणाचा मान राहून जाऊ नये यासाठी तुटायचा.

"दिनकरराव, मशीन तुमच्या हातानं सुरू होऊ द्या."

मी ताट घेऊन भिंतीशी उभी होते. दिनकरराव माझ्या समोरून खटक्याकडं गेले. चांगला टावेल आहे, असं आधी मनात आलं. मग कोपरा दिसला. आत्याबाईंचं बोट थोडं वाकडं आहे, त्यांचं कुंकू नेहमी तिरपं लागतं. ते तिरपं कुंकू दिनकररावांच्या खांद्यावर होतं.

मी "थांबा" म्हणाले. हलगी वाजत होती. पुन्हा म्हणाले. हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. ते ठेवायला मी जागा बघत होते. टाकून द्यावं हे सुचलंच नाही, पेटलेलं निरांजन टाकायचं नसतं. मी जागा बघत राहिले आणि खटका दाबला गेला.

टाळ्या वाजल्या. फ्लेक्स आतून हलला, तसे फ्लेक्सवरचे सगळे चेहरे हलले. मग त्यामागून जो आवाज आला तो मी सांगणार नाही.

नांदेडला नेलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचला हे नशीब. सगळेच तसं म्हणाले. लोकांना दुसऱ्याच्या नशिबात काहीतरी चांगलं सापडतंच.

गोपाळ भेटायला आला तेव्हा सफरचंदांची पिशवी हातातच धरून उभा राहिला. ठेवायला जागा होती, पण त्याला ठेवता येईना.

"वैनी, हळदीकुंकू होतं हो त्याला. मला वाटलं आहेराचाच हाय."

खाटेवरून चंद्रभान म्हणाले, "तुझी काय चूक, गोपाळ. मीच जुना न्यायला पायजे होता."

आत्याबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. आपलं वाकडं बोट दुसऱ्या हातानं झाकून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरी नव्या कापडाला कुणी हळदीकुंकू लावत नाही. पुढं दिवाळीला माझं लुगडं आलं ते मी तसंच नेसले. त्या बघत होत्या.

पेपरात फोटो आला होता. दिनकरराव खटक्यावर हात ठेवून हसतायत, बाजूला गोपाळ. खांद्यावरचा टावेल स्पष्ट दिसतो, कोपराही. बातमीत मशीन चालू झाल्याचं होतं. पुढचं बहुधा पेपर छापायला गेल्यावर कळलं असेल. तो टावेल सोनपेठला गेला. तिथं आता तो कुणाचं काय पुसतो, मला माहीत नाही. तो कुणाचा होता हे दिनकररावांना कुणी सांगितलं का, तेही माहीत नाही. सांगू नये. त्यांना गाडीतच बसू द्यायला हवं होतं.

शेड थोडे दिवस बंद राहिलं. मग भटजी बोलावून शेडाची शांत केली, लिंबं उतरवली आणि पुन्हा सुरू झालं. आणि एक गोष्ट ठरली. खटक्यावर टावेल नको. तो लागला. तो अपशकुनी. टावेल नसता तर चंद्रभान बिनधास्त आत गेलाच नसता, इथपर्यंत माणसं बोलायला लागली.

त्याजागी गोपाळनं पत्र्याची पाटी करून लावली. "सावधान! मशीन चालू आहे." पाटी चांगली आहे, लाल रंगाची. फक्त ती रात्रंदिवस तिथंच असते. मशीन चालू असतं तेव्हा म्हणते चालू आहे, बंद असतं तेव्हाही म्हणते चालू आहे. पहिल्या आठवड्यात लोकांनी वाचली.

मी सितारामकाकांकडं गेले. म्हणलं, काका, तुमची रीत होती, तुमीच सांगा त्यांना.

काका अंगणात बाज विणत बसले होते. उरलेल्या बोटांनी सुंभ ओढत म्हणाले, "पोरी, मी काय सांगू? मी 'बघितला' म्हणून सांगितलं चंदरला, अन् उठून पाव्हण्यांला टोप्या घालायला गेलो. टावेल बघून भागत न्हाई. तिथं उभं ऱ्हावं लागतंय."

"मग तेच सांगा."

"माझं कोण ऐकतंय आता? मी रीत पाडली अन् तिनंच पोराचा हात खाल्ला म्हणायलेत." सुंभाची गाठ आवळत म्हणाले, "मला बी रात्रीचं तसंच वाटतंय."

काका पुन्हा शेडात आले नाहीत.

चंद्रभान मात्र गेले. न जाऊन काय करतात? ऊसतोडीला जावं तर मुकादमाला जोडी लागते, बाई मोळ्या बांधायला आणि गडी कोयता चालवायला. गड्याच्या त्या हातात कोयता टिकत नाही. पटाशी धरता येत नाही, रंदा धरता येत नाही. शेडात त्यांना काम दिलं ते भुसा झाडायचं आणि पट्टा, पुल्या साफ ठेवायचं. म्हणजे मशीनखाली जायचं. बाकीच्यांना आता तिथं हात घालायची भीती वाटते. त्यांना वाटतं, चंद्रभानचं जे व्हायचं ते होऊन गेलंय.

"याचं मशीनसंगं देणं-घेणं मिटलंय," एकजण म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला. चंद्रभानही हसले.

उजवा चालत नाही, म्हणून डावा घालतात.

पहिल्या दिवशी ते खाली गेले तसा मी कोपऱ्यातून उठले आणि त्यांचा जुना, भोकाचा टावेल खटक्यावर टाकला. शेडातली सगळी माणसं थांबली. चंद्रभानच खालून बाहेर आले, टावेल काढला, घडी करून माझ्या हातात दिला.

"नको गं. लोकांना बरं वाटत न्हाई."

"अन् मला?"

"तुला काय, तुला सवयच हाय भ्यायची."

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले तेव्हा मी पलंगाचा एक पाय आणि पॉलिश पेपर उचलला आणि खटक्याला पाठ लावून उभी राहिले. दांडी पाठीत रुतत होती. मी पाय घासायला लागले. कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, घासकाम तर कुठंही उभं राहून होतं.

एकजण चौकटीची फळी घेऊन आला. "वैनी, जरा सरा."

"सरते की. एवढा पाय होऊ द्या."

"मशीन लावायचंय."

"खाली हायत ते."

"निघंल की तो. आवाज आला की निघतंय माणूस."

मी घासत राहिले. त्यानं फळी भिंतीला टेकवली, बिडी पेटवली. दुकानातून गोपाळ आला होता, त्यानं बघितलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वैनी, मला कळतंय. पण असं रोज कसं चालंल? पाच माणसं खोळंबायलीत."

"पूर्वी टावेलासाठी दिवसभर खोळंबत होतीत, गोपाळभाऊ. पत्ते खेळत होतीत."

तो खाली बघायला लागला. "ते दिवस येगळे होते."

मी तशीच उभी राहिले. खालून भुसा ओढल्याचा आवाज येत होता. मग चंद्रभान म्हणाले, "झालं." मी सरले नाही. ते बाहेर आले, उभे राहिले, डावा हात मला दिसला, तेव्हा सरले. फळीवाल्यानं बिडी टाकली आणि खटका दाबला. त्याच्यात राग नव्हता, नुसती घाई होती.

असे दिवस गेले. पॉलिशला आलेला माल संपत आलाय. गिऱ्हाईक आता तयार फर्निचर घेतं, आधीच चकचकीत असलेलं, त्याला माझ्या पेपरची गरज नाही. काल शेवटचा देव्हारा झाला. गोपाळ म्हणाला, काम आलं की बोलावतो. तो बोलावेल, माणूस तसा आहे. पण काम येणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. आणि काम नसताना बाईनं भिंतीला टेकून उभं राहावं, हे शेडात कुणाला चालणार नाही. चंद्रभानना तर मुळीच नाही.

संध्याकाळी ते मोरीपाशी आले. सवयीनं दोन्ही हात पुढं केले. मी तांब्या कलता केला. उजव्यावर थोडं घातलं, डाव्यावर बराच वेळ.

"पाणी संपवतीस का सगळं?"

मी बोटं बघत होते. आज होती.